जमिनीचा सामू : अम्ल, अल्क आणि जमीन-सुधारणा
(गावपातळीवरील कार्यकर्ते व शेतकरी यांच्यासाठी अभ्यासपाठ)

चुना आणि जिप्सम या दोन्ही पांढऱ्या भुकट्या आहेत. एका गुदामात शेजारी शेजारी ठेवल्या तर केवळ नजरेने त्या ओळखणे अवघड जाते. दोहोंमध्ये कॅल्शियम असते आणि दोहोंचा उपयोग जमीन सुधारण्यासाठी सांगितला जातो. यामुळे 'पांढरी भुकटी टाकली म्हणजे जमीन सुधारते' असा समज अनेक ठिकाणी आढळतो. वस्तुस्थिती अशी आहे की, अम्लधर्मी जमिनीला चुना हवा असतो व तेथे जिप्समने आम्लता हटत नाही. उलट चोपण जमिनीला जिप्सम लागते व तेथे चुना टाकल्यास पैसा आणि श्रम दोन्ही मातीत जातात. कोणत्या शेतास काय द्यावे हे ठरविण्यासाठी रसायनशास्त्रातील तीन गोष्टी नीट समजावून घेतल्या पाहिजेत : अम्ल, अल्क आणि त्या दोहोंच्या संयोगाने होणारे क्षार.

अम्ल व अल्क म्हणजे काय ?

लिंबू, चिंच, कोकम व ताक यांची चव आंबट असते. या सर्वांत निरनिराळी अम्ले आहेत. लिंबात सायट्रिक अम्ल, चिंचेत टार्टारिक अम्ल व ताकात लॅक्टिक अम्ल असते. चुन्याची निवळी, धुण्याचा सोडा, पापडखार व लाकडाची राख कालवलेले पाणी हे पदार्थ याच्या उलट गुणाचे आहेत. ते बोटाला बुळबुळीत लागतात. त्यांना अल्कधर्मी पदार्थ म्हणतात. काही पुस्तकांत अल्कासाठी 'विम्ल' असाही शब्द योजलेला आढळतो. प्रयोगशाळेतील कोणताही पदार्थ मात्र चवीने किंवा स्पर्शाने ओळखण्याचा प्रयत्न कदापि करू नये. तीव्र अम्ले व तीव्र अल्के कातडी जाळतात.

स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांते अरेनियस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या गुणांचे कारण स्पष्ट केले. पाण्यात विरघळल्यावर जो पदार्थ हायड्रोजनचे विद्युत्-भारित कण, म्हणजे हायड्रोजन आयन, सोडतो तो अम्ल; आणि जो हायड्रॉक्सिल आयन सोडतो तो अल्क. दोन्ही योग्य प्रमाणात एकत्र आले म्हणजे हायड्रोजन व हायड्रॉक्सिल यांचे पाणी बनते आणि उरलेल्या भागांचा क्षार तयार होतो. या क्रियेस उदासिनीकरण म्हणतात. जेवणातील मीठ हा असाच एक क्षार होय. हायड्रोक्लोरिक अम्ल व कॉस्टिक सोडा ही दोन्ही अतिशय दाहक द्रव्ये. परंतु त्यांच्या संयोगाने बनणारे मीठ पाण्यात ना अम्लधर्मी ना अल्कधर्मी असते.

सगळेच क्षार मात्र मिठासारखे उदासीन नसतात. तीव्र अल्क व सौम्य अम्ल यांपासून झालेला क्षार अल्कधर्मी राहतो. धुण्याचा सोडा हे त्याचे उदाहरण. तीव्र अम्ल व सौम्य अल्क यांपासून झालेला क्षार अम्लधर्मी राहतो. अमोनियम सल्फेट हे खत त्याचे उदाहरण. मीठ, धुण्याचा सोडा व अमोनियम सल्फेट हे तीन क्षार ध्यानात ठेवले म्हणजे पुढील सर्व भाग सोपा होतो.

हळदीचा प्रयोग

शाळेत किंवा शेतकऱ्यांच्या बैठकीत हा प्रयोग सहज करून दाखविता येतो. हळद पाण्यात कालवून तिचा लेप पांढऱ्या कागदाला द्यावा व कागद सावलीत वाळवावा. त्याच्या पट्ट्या कापून एकीवर लिंबाचा रस, दुसरीवर साधे पाणी व तिसरीवर चुन्याची निवळी टाकावी. पहिल्या दोन पट्ट्या पिवळ्याच राहतील आणि तिसरी तांबडी होईल. तिच्यावर लिंबाचा रस पिळल्यास ती पुन्हा पिवळी होते. हळदीपासून कुंकू करताना हाच गुण वापरला जातो. हळदीच्या कपड्यावर साबण लागताच तांबडा डाग पडतो, त्याचेही कारण हेच.

हळदीला अल्क ओळखता येते. परंतु अम्ल व उदासीन पाणी यांतील फरक दाखविता येत नाही. जास्वंदीच्या तांबड्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून काढलेले पाणी दोन्हीकडे रंग बदलते : अम्लात गुलाबी-तांबडे होते व अल्कात हिरवट होते. हे प्रयोग समजूत पटविण्यासाठी आहेत. शेताच्या मातीचा निर्णय मात्र यांवरून करू नये.

सामू : मोजण्याची पट्टी

'थोडे आंबट' किंवा 'फार आंबट' एवढे म्हणून शास्त्राचे काम भागत नाही. १९०९ साली कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणारे डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी आम्लता मोजण्याची एक पट्टी सुचविली. तीच आज पी. एच. या नावाने जगभर वापरली जाते. मराठीत तिला सामू म्हणतात. ही पट्टी सामान्यतः ० ते १४ अशी धरतात. ७ म्हणजे उदासीन, ७ च्या खाली अम्लधर्मी व ७ च्या वर अल्कधर्मी. ओळखीच्या काही पदार्थांचे सामू पुढे अंदाजे दिले आहेत :

लिंबाचा रस – २ ते २.५
ताक – ४ ते ४.५
ताजे दूध – ६.६
शुद्ध पाणी – ७
खाण्याच्या सोड्याचे पाणी – ८.३
चुन्याची निवळी – १२.४

या पट्टीचा एक विशेष आहे व तो न समजल्यामुळे अनेकदा घोटाळा होतो. सामू एका अंकाने बदलला म्हणजे हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहापटीने बदलते. सामू ६ असलेल्या द्रावणापेक्षा ५ असलेले द्रावण दहापट अम्लधर्मी व ४ असलेले शंभरपट अम्लधर्मी असते. लिंबू व ताक यांच्या सामूत दोन अंकांचेच अंतर आहे. परंतु लिंबाच्या रसात हायड्रोजन आयन ताकाच्या सुमारे शंभरपट असतात. तपासणीच्या पत्रकात ८.२ ऐवजी ९.२ असा आकडा आला तर 'एकाचाच तर फरक' असे म्हणून तो सोडून देता येत नाही.

सामू व पिकांचे पोषण

बहुतेक पिकांना ६.५ ते ७.५ हा सामू मानवतो. त्याचे मुख्य कारण असे की, जमिनीत अन्नद्रव्ये असली तरी ती मुळांना मिळतील की नाही हे सामूवर अवलंबून असते. सामू ५.५ च्या खाली गेला म्हणजे मातीतील अॅल्युमिनियम विरघळू लागते व मुळांची वाढ खुंटते. स्फुरद लोह व अॅल्युमिनियम यांच्याशी बांधला जातो आणि कडधान्यांच्या मुळांवरील गाठी नीट धरत नाहीत. सामू ८ च्या वर गेला म्हणजे लोह, जस्त व मँगेनीज पिकास दुर्मिळ होतात आणि स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो. चुनखडीच्या जमिनीत उसावर जो केवडा पडतो, म्हणजे कोवळी पाने पिवळी-पांढरी पडतात, तो बहुधा लोहाच्या अशा टंचाईमुळे होय. शेतात लोह नसते असे नाही. ते पिकाला घेता येत नाही.

खताच्या वापराशीही याचा निकट संबंध आहे. अल्कधर्मी जमिनीवर युरिया नुसता फेकून ठेवल्यास त्यातील नत्राचा काही भाग अमोनिया वायूच्या रूपाने उडून जातो. म्हणून तो मातीत मिसळावा किंवा लगेच हलके पाणी द्यावे. अमोनियम सल्फेट व चुना एकत्र मिसळल्यास तोच वायू नाकाला झोंबतो. तो वास म्हणजे शेतकऱ्याचा पैसाच हवेत जात असतो. ही दोन द्रव्ये कधीही एकत्र करू नयेत.

कोकणातील अम्लधर्मी जमीन

कोकणात पाऊस फार पडतो. शेकडो वर्षांच्या पावसाने मातीतील कॅल्शियम, मॅग्नेशियम व पोटॅशियम धुऊन गेलेले असते आणि त्यांच्या जागी हायड्रोजन व अॅल्युमिनियम राहतात. यामुळे तेथील जांभी जमीन बहुधा अम्लधर्मी असते. अशा जमिनीत चुना घातला म्हणजे उदासिनीकरण होते.

तथापि सर्व पिकांना चुन्याची गरज सारखी नसते. भाताच्या खाचरात पाणी साचून राहिले म्हणजे काही आठवड्यांत मातीचा सामू आपोआप ७ च्या जवळ येतो. त्यामुळे आम्लतेचा त्रास भाताला कमी जाणवतो. खाचर वाळल्यावर सामू पुन्हा खाली येतो व त्यानंतर घेतलेल्या भुईमूग किंवा कडधान्याच्या पिकाला तो बाधतो. चुन्याचा विचार म्हणून पीकपद्धती पाहून करावा.

चुना किती द्यावा हे केवळ सामूवरून ठरत नाही. तांब्याभर पाणी व हंडाभर पाणी सारखेच कढत असू शकते. पण हंडा निववावयास अधिक वेळ व अधिक गार पाणी लागते. त्याचप्रमाणे रेताड व चिकण अशा दोन जमिनींचा सामू ५.२ असला तरी चिकण जमिनीच्या कणांवर आम्लतेचा साठा मोठा असतो व तिला चुना अधिक लागतो. प्रयोगशाळेकडून सामूबरोबर 'चुन्याची गरज' हा आकडाही मागून घ्यावा.

चुन्याचा प्रकारही पाहावा. शुद्ध चुनखडीची १०० किलो भुकटी जेवढी आम्लता हटविते तेवढीच ७४ किलो विझवलेला चुना किंवा ५६ किलो कळीचा चुना हटवितो. चुनखडी जितकी बारीक दळलेली तितके काम लवकर होते. चुना पेरणीपूर्वी काही आठवडे टाकून मातीत चांगला मिसळावा. प्रमाणाबाहेर चुना दिल्यास जस्त व लोह यांची टंचाई नव्याने निर्माण होते.

खारवट व चोपण : दोन वेगळे रोग

देशावरील काळ्या जमिनीची स्थिती वेगळी आहे. तेथे चुनखडी मुळातच असते व सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. पाणी बेताने दिल्यास व निचरा चांगला असल्यास अशा जमिनी उत्तम पीक देतात. निचरा नसताना भरमसाट पाणी दिले म्हणजे जमिनीखालील पाण्याची पातळी वर चढते, ते पाणी उन्हाने उडून जाते व त्यातील क्षार पृष्ठभागावर राहतात. नीरा नदीच्या खोऱ्यात कालव्याचे पाणी खेळू लागल्यावर काही वर्षांतच हा अनुभव आला. हॅरल्ड मॅन व ताम्हणे या शास्त्रज्ञांनी तेथील खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेती खात्याच्या पत्रिकेत तो प्रसिद्ध केला. तेव्हापासून आजवर कालव्याखालील व उपसा सिंचनाखालील अनेक गावांत हाच इतिहास पुन्हा घडत आला आहे.

अशा बिघडलेल्या जमिनींचे दोन मुख्य प्रकार आहेत. त्यांची सरमिसळ करणे हेच बहुतेक फसलेल्या प्रयत्नांचे मूळ असते.

खारवट जमिनीत मिठासारखे उदासीन क्षार साठलेले असतात. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरा थर दिसतो. माती भुसभुशीत राहते. क्षार उदासीन असल्यामुळे सामू ८.५ च्या खालीच असतो. पीक जळत असूनही सामूचा आकडा चांगला येतो व शेतकरी बुचकळ्यात पडतो. हा दोष ओळखण्यासाठी विद्युत्-वाहकता मोजावी लागते, कारण क्षार जितके अधिक तितकी मातीच्या अर्कातून वीज अधिक वाहते. संपृक्त मातीच्या अर्काची वाहकता दर मीटरला ४ डेसिसायमनपेक्षा अधिक असल्यास जमीन खारवट समजतात. माती व पाणी १ : २.५ प्रमाणात घेऊन मोजल्यास आकडा बराच कमी येतो. म्हणून पत्रक वाचताना मोजणीची रीत विचारावी.

चोपण जमिनीत विरघळणारे क्षार कमी असतात; परंतु मातीच्या कणांना सोडियम चिकटलेले असते व जमिनीत धुण्याचा सोडा तयार होतो. सामू ८.५ च्या वर जातो. ८.५ हीच सीमा का, याचे कारण समजण्यासारखे आहे. चुनखडी पाण्यात अगदी थोडी विरघळत असल्यामुळे तिच्यामुळे जमिनीचा सामू साधारणतः ८.५ पर्यंतच चढू शकतो. आकडा त्यापुढे गेला म्हणजे चुनखडीशिवाय दुसरे अल्कधर्मी द्रव्य तेथे आहे असे समजावे, आणि ते बहुधा सोड्याचे असते. कणांवरील एकूण विनिमययोग्य द्रव्यांत सोडियम १५ टक्क्यांहून अधिक झाल्यास जमीन चोपण धरतात. भारी काळ्या जमिनीत याहून कमी प्रमाणातही त्रास दिसू लागतो. सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही, ओली असता जमीन चिकट व वाळली असता दगडासारखी होते. सेंद्रिय द्रव्य विरघळून पृष्ठभागावर काळसर तवंग दिसतो.

शेतावरच करता येण्यासारखी एक परीक्षा आहे. काचेच्या भांड्यात पावसाचे स्वच्छ पाणी घेऊन त्यात वाळलेल्या मातीचे ढेकूळ टाकावे, ढवळावे व काही तास स्थिर ठेवावे. खारवट माती लवकर तळाशी बसते व वरचे पाणी निवळते. चोपण मातीचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच राहते. या परीक्षेवरून संशय घ्यावा. निर्णय प्रयोगशाळेचाच मानावा.

उपाय व त्यांचा क्रम

दोन्ही प्रकारांत पहिले काम निचऱ्याचे. चर काढल्याशिवाय किंवा जमिनीखालून सच्छिद्र नळ्या टाकून पाणी बाहेर काढल्याशिवाय कोणताही उपाय टिकत नाही.

नुसत्या खारवट जमिनीत निचऱ्यानंतर चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढणे पुरेसे होते. तिला जिप्समची गरज नसते.

चोपण जमिनीत निचऱ्यानंतर जिप्सम द्यावे. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेते व सुटलेले सोडियम सल्फेट पाण्याबरोबर निघून जाते. धुण्याच्या सोड्याचीही चुनखडी व सोडियम सल्फेट बनते आणि सामू उतरतो. चुनखडीतही कॅल्शियम असते; परंतु इतक्या अल्कधर्मी मातीत ती जवळजवळ विरघळतच नाही. काळ्या चोपण जमिनीत चुना व्यर्थ ठरतो तो याच कारणाने. जिप्समही फार विरघळणारे नव्हे. एका लीटर पाण्यात ते सुमारे अडीच ग्रॅम विरघळते. म्हणून ते बारीक दळून वरच्या थरात सारखे मिसळावे व नंतर पाणी साठवून मुरवावे. जमिनीत मुक्त चुनखडी भरपूर असल्यास गंधकही वापरता येते. मातीतील जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात व ते चुनखडीचे जिप्सम बनविते. एक किलो गंधक सुमारे ५.४ किलो जिप्समचे काम करते. मात्र त्याला वेळ लागतो. यानंतर धैंचासारखे हिरवळीचे पीक घेऊन फुलोऱ्यापूर्वी गाडल्यास जमीन मोकळी होण्यास मदत होते.

क्षार व सोडियम दोन्ही असलेल्या खारवट-चोपण जमिनीत विशेष सावधगिरी पाहिजे. अशी जमीन जिप्सम न देता धुतल्यास क्षार निघून जातात, पण सोडियम कणांना चिकटूनच राहते. सामू वर चढतो, माती बंद होते व जी जमीन थोडेफार पीक देत होती ती पूर्वीपेक्षाही नादुरुस्त होते. जिप्सम आधी, पाणी नंतर हा क्रम मोडू नये.

विहिरीचे पाणीही तपासून घ्यावे. पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या मानाने कार्बोनेट व बायकार्बोनेट अधिक असल्यास ते पाणी हळूहळू जमीन चोपण करते व जिप्समवर केलेला खर्च दोन-चार हंगामांत वाया जातो.

मातीचा नमुना

नमुना चुकीचा असेल तर प्रयोगशाळेचा आकडाही चुकीचाच येणार. पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. रंग, उतार व पीक यांनुसार शेताचे भाग पाडून प्रत्येकाचा नमुना वेगळा घ्यावा.
२. नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डे घेऊन त्यांच्या कडेची माती खरवडून घ्यावी.
३. बांध, उकिरडा, झाडाखालची व जनावरे बांधण्याची जागा टाळावी. नुकतेच खत दिलेल्या शेतातून नमुना घेऊ नये.
४. माती एकत्र मिसळून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन ठेवून दोन टाकावेत व सुमारे अर्धा किलो उरेपर्यंत असे करीत जावे.
५. माती सावलीत वाळवून स्वच्छ कापडी पिशवीत भरावी. खताची रिकामी गोणी कधीही वापरू नये.
६. खारवट किंवा चोपणाचा संशय असल्यास वरचा थर व खालचे थर यांचे नमुने निरनिराळे पाठवावेत.

२०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत सामू, विद्युत्-वाहकता व सेंद्रिय कर्ब हे तिन्ही आकडे दिलेले असतात. पत्रिका शेतकऱ्याच्या हाती देऊन कार्यकर्त्याचे काम संपत नाही. ते आकडे त्याच्या शेतात उभे राहून समजावून सांगितले पाहिजेत.

सारांश

सामू ६ च्या खाली असल्यास चुन्याची गरज विचारावी. सामू ८.५ च्या आत व वाहकता अधिक असल्यास निचरा करून क्षार धुवावेत. सामू ८.५ च्या वर असल्यास सोडियमचे प्रमाण व जिप्समची गरज तपासून घ्यावी. आकडा हाती येईपर्यंत कोणतीही पांढरी भुकटी शेतात टाकू नये.

अभ्यासाचे प्रश्न

१. सामू ९ असलेली माती सामू ८ असलेल्या मातीपेक्षा किती पट अल्कधर्मी आहे ?
२. खारवट जमिनीत पीक जळत असूनही सामू चांगला का येतो ?
३. चुनखडीत कॅल्शियम असूनही ती चोपण जमिनीत का उपयोगी पडत नाही ?
४. खारवट-चोपण जमीन जिप्समशिवाय धुतल्यास काय होते ?
५. आपल्या गावातील कोणत्या शिवारात माती व विहिरीचे पाणी तपासणे सर्वांत निकडीचे आहे, व ते कशावरून ?